वैराची परतफेड आणि वैराची निवृत्ती

जीवाच्या अंतःकरणातील विकारांमध्ये क्रोध हा ज्वाळेसारखा आहे आणि वैर हे राखेखालच्या निखाऱ्यासारखे आहे. ज्वाळा भडकते, चारचौघांना दिसते आणि जळण संपले की विझते. निखारा मात्र दिसत नाही. वर राखेचा थर असतो, हात लावणाऱ्यालाही प्रथम थंडावा वाटतो, आणि आत अग्नी जसाच्या तसा असतो. क्रोधी मनुष्याला आपण क्रोधी आहोत हे कळते. वैर धरणाऱ्याला मात्र आपण न्याय धरून बसलो आहोत असे वाटते. म्हणूनच साधकाला क्रोधापेक्षा वैर अधिक घातक होते.

वैराचे सर्वांत कठीण रूप कोणते, असा विचार केला तर सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा जीव घेणाऱ्याविषयीचे वैर डोळ्यांसमोर येते. आईबापांचे दुःख मोठे खरे, परंतु ते बहुधा त्यांच्या वयाबरोबर संपते. भावाबहिणींचे तसे नसते. ती मृताच्या वयाची आणि पुष्कळदा मारणाऱ्याच्याही वयाची असतात. जोवर तो जिवंत, तोवर ही जिवंत. त्यातून गावही स्वस्थ बसू देत नाही. भावाचे रक्त वाया जाऊ देणार काय, असे कोणी तोंडाने विचारतो, कोणी नजरेने विचारतो. अशा जीवाने मारणाऱ्याशी कोणत्या भावनेने वागावे? त्याला क्षमा कर म्हणणे हे मृताशी द्रोह करणे नाही काय? आणि क्षमा केल्याने मारणारा सुधारतो असे तरी कोठे आहे? हे प्रश्न वरवरच्या उपदेशाने मिटणारे नाहीत. शास्त्रांत त्यांचा विचार कसा झाला आहे, हे पाहिले पाहिजे.

भारतीय युद्धाच्या कथेत सूडाची एक साखळी आहे. द्रोणाचार्य आणि द्रुपद हे बालपणीचे सहाध्यायी. द्रुपद राजा झाल्यावर त्याने दरिद्री द्रोणाचा अपमान केला. द्रोणाने तो अपमान मनात ठेवला आणि शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणविले; त्याचे अर्धे राज्य घेतले आणि अर्धे परत दिले. परत दिलेल्या अर्ध्या राज्याने द्रुपदाचे समाधान झाले नाही. द्रोणाला मारणारा पुत्र व्हावा या एकाच हेतूने त्याने यज्ञ केला. त्या यज्ञातून धृष्टद्युम्न प्रकट झाला आणि त्याच वेदीतून द्रौपदी प्रकट झाली. युद्धाच्या पंधराव्या दिवशी पुत्र मेल्याचे ऐकून द्रोणाने शस्त्र खाली ठेवले. शस्त्र टाकून बसलेल्या त्या वृद्धाचे मस्तक धृष्टद्युम्नाने उतरविले. अठराव्या दिवसाच्या रात्री द्रोणपुत्र अश्वत्थामा पांडवांच्या निजलेल्या शिबिरात शिरला. धृष्टद्युम्नाने शस्त्राने तरी मार म्हणून विनविले. अश्वत्थाम्याने तेही न ऐकता त्याला लाथांनी तुडवून मारले. त्याच रात्री द्रौपदीचे पाचही पुत्र झोपेतच मारले गेले.

या साखळीत प्रत्येकाजवळ सबळ कारण आहे. द्रोणाचा अपमान खरा होता, द्रुपदाची मानहानी खरी होती, पित्याच्या वधाने अश्वत्थाम्याच्या काळजाला पडलेले घरही खरेच होते. असत्य कोणाचेच नव्हते; आणि तरीही शेवटी निजलेली मुले मारली गेली. वैराचा स्वभाव असा आहे. आरंभी त्याच्या हाती एक खरी जखम असते. ती जखम दाखवून ते पुढचे प्रत्येक पाऊल योग्य ठरवीत जाते, आणि अखेरीस ज्यांचा त्या जखमेशी काडीचाही संबंध नाही अशांच्या उशाशी येऊन उभे राहते.

आता पाळी द्रौपदीची होती. ती मृताची बहीण होती आणि मृतांची माताही होती. शिवाय ती सूडासाठीच केलेल्या यज्ञाच्या वेदीतून जन्मलेली होती. महाभारताच्या सौप्तिकपर्वात तिचा शोक उग्र आहे. अश्वत्थाम्याला शासन झाल्यावाचून आपण अन्नत्याग करून प्राण सोडू, असे ती म्हणते. दुःखाच्या पहिल्या आघातात सूडाची इच्छा तिलाही झाली, हे ग्रंथाने लपविलेले नाही. आणि ते लपविण्याचे कारणही नाही. ज्याच्या अंतःकरणात अशी इच्छा उठली तो एवढ्याने पतित होत नाही. इच्छा उठणे निराळे आणि तिला घर बांधून देणे निराळे.

श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधात हीच कथा पुढे जाते. अर्जुनाने अश्वत्थाम्याला जिंकून दोरीने बांधले. त्या वेळी श्रीकृष्णचक्रवर्तींनी त्याला वधाचीच सूचना केली. निजलेल्या निरपराध मुलांना मारणारा हा आहे, याला सोडू नको, तू प्रतिज्ञा केली आहेस, याचे स्मरण दिले. भागवतकार सांगतात की, ही धर्माची परीक्षा होती. अर्जुनाचा हात उठला नाही. त्याने बंदी द्रौपदीपुढे आणून उभा केला. पशूसारखा बांधलेला, आपल्या निंद्य कृत्याने मान खाली घातलेला गुरुपुत्र पाहून द्रौपदीने त्याला नमस्कार केला आणि सोडा, याला सोडा, असे म्हटले. तिने दिलेल्या कारणांत गुरुकुळाचा आदर आहे. परंतु सर्वांत मर्मभेदक कारण निराळेच आहे. अश्वत्थाम्याची माता कृपी जिवंत होती. पुत्रासाठीच ती पतीमागे राहिली होती. मेलेल्या मुलांसाठी मी जशी रडते आहे तशी त्या मातेवर रडण्याची पाळी येऊ नये, या भावार्थाचे द्रौपदीचे बोलणे आहे.

या बोलण्याचा नीट विचार करावा. माझे दुःख कमी झाले, असे द्रौपदी म्हणत नाही. अश्वत्थाम्याचा अपराध लहान आहे, असे म्हणत नाही. त्याने पश्चात्ताप केला आहे म्हणून सोडा, असेही म्हणत नाही. ती केवळ आपल्या दुःखाकडे पाहते, आणि हे इतके भयंकर आहे की ते दुसऱ्या कोणाला देण्यासारखे नाही, असा निर्णय करते. सूड घेणारा आपले दुःख मोजतो आणि तेवढेच दुसऱ्याच्या पदरात घालू पाहतो. द्रौपदीने आपले दुःख मोजले आणि म्हणूनच ते देण्याचे नाकारले. सूडाने मेलेला परत येत नाही, रडणारांत मात्र एकीची भर पडते. सूडाच्या वेदीतून जन्मलेल्या स्त्रीने तो यज्ञ येथे थांबविला.

भीमाला हे मान्य नव्हते. तो वधच करा म्हणाला. भगवंतांनी मग जो निर्णय दिला तोही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अपराध्याला मोकळे रान दिले नाही आणि त्याचा प्राणही घेतला नाही. त्याच्या मस्तकावरील मणी केसांसह कापून घेऊन, निस्तेज करून, त्याला शिबिराबाहेर घालविण्यात आले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शासन आणि सूड या दोन वस्तू आहेत. शासन अपराधाकडे पाहून केले जाते व त्याला मर्यादा असते. सूड स्वतःच्या जळण्याकडे पाहून घेतला जातो, म्हणून त्याला मर्यादा सापडत नाही. क्षमा करणे म्हणजे शासन नको म्हणणे, असा जो समज आहे तो या कथेत टिकत नाही.

येथे कोणी विचारील की, त्या क्षमेचे फळ काय झाले? भागवतच पुढच्या अध्यायात सांगते की, सुटलेल्या अश्वत्थाम्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. पांडवांचा उरलेला एक अंकुरही त्याला खुडावयाचा होता. म्हणजे द्रौपदीची क्षमा त्याच्या हृदयापर्यंत पोहोचली नाही. तो गर्भ श्रीकृष्णचक्रवर्तींनी राखिला आणि त्यातून परीक्षिती जन्मला. मग द्रौपदी चुकली काय? क्षमा हा मारणाऱ्याशी केलेला सौदा असता तर ती चुकली असे म्हणावे लागले असते. पण तिने काही मिळविण्यासाठी क्षमा केलीच नव्हती. आपल्याकडून आणखी एका मातेचे काळीज फाटू नये, एवढेच तिला साधावयाचे होते आणि ते साधले. अश्वत्थाम्याने पुढे जे केले ते अश्वत्थाम्याचे कर्म. त्याचे ओझे द्रौपदीच्या माथी नाही. जे कोवळे आणि निरपराध आहे त्याचे रक्षण मात्र डोळ्यांत तेल घालून केले पाहिजे, हाही बोध त्याच कथेत आहे. क्षमाशीलाने बेसावध राहावे असे शास्त्र सांगत नाही.

दुसरी कथा विदर्भाच्या भूमीतील आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीदेवींचे माहेर म्हणून प्रसिद्ध आहे, आणि रुक्मीचे भोजकट हे अमरावतीजवळचे भातकुली होय असे परंपरेने मानले जाते. परमेश्वरपुराचे, म्हणजे ऋद्धिपुराचे, दर्शन घेऊन येणाऱ्याला ही स्थाने दूर नाहीत. कवी नरेंद्राच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'मुळे पंथीयांच्या अंतःकरणात रुक्मिणीहरणाची कथा घर करून आहे. भागवताच्या दशम स्कंधात त्या कथेचा जो उत्तरभाग येतो त्याकडे मात्र लक्ष थोडे जाते.

हरणाच्या वेळी रुक्मीने पाठलाग केला, तो हरला, आणि भगवंतांचे खड्ग त्याच्यावर उगारले गेले. रुक्मिणीदेवींनी चरण धरून भावाचे प्राण मागितले. भगवंतांनी प्राण राखले, परंतु त्याला बांधून त्याचे केस व मिशा वेड्यावाकड्या कापून विद्रूप केले. त्या प्रसंगी बलराम पुढे झाले. त्यांनी रुक्मीला सोडविले. आप्ताला असे विद्रूप करणे म्हणजे त्याचा वध करण्यासारखेच आहे, आणि जो स्वतःच्या दोषानेच मेला आहे त्याला पुन्हा मारण्याचे काय कारण, असे त्यांनी सुनावले. रुक्मिणीदेवींचेही त्यांनी तत्त्वबोधाने सांत्वन केले. क्षमेचा इतका सुंदर उपदेश ज्यांच्या मुखातून आला त्याच बलरामांच्या हातून पुढे रुक्मीचा वध झाला.

रुक्मीने मनातील वैर पुरते टाकले नव्हते. तरी बहिणीला बरे वाटावे म्हणून त्याने आपली कन्या प्रद्युम्नाला आणि पुढे नात रोचना अनिरुद्धाला दिली. त्या दुसऱ्या विवाहासाठी सर्व मंडळी भोजकटास जमली असता कलिंगराजाच्या चिथावणीने द्यूत मांडले गेले. बलराम प्रथम हरले, कलिंगराज दात दाखवून हसला. पुढे बलराम जिंकले असता रुक्मीने खोटेपणाने जय आपला म्हटला, आणि गुराख्यांना फाशांतले काय कळते, असे हिणविले. बलरामांनी परिघ उचलला आणि विवाहमंडपातच रुक्मी मारला गेला. मारणारा थोरला दीर, मेलेला सख्खा भाऊ, आणि मध्ये रुक्मिणीदेवी. भागवत सांगते की, बलरामांचे आणि रुक्मिणीचे स्नेह तुटू नयेत म्हणून भगवंत त्या प्रसंगी बरे किंवा वाईट काहीच बोलले नाहीत.

त्या मौनाचा अर्थ काय करावा? वध योग्य झाला असे म्हटले असते तर बहिणीच्या जखमेवर मीठ पडले असते. अयोग्य झाला असे म्हटले असते तर घरातच दुसरे युद्ध उभे राहिले असते. जेथे शब्दाने जखम भरणार नाही तेथे शब्द न घालणे हाही दयेचाच प्रकार आहे. भावाला गमावलेल्या माणसाजवळ जाऊन आता क्षमा कर, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही सहज प्राप्त होत नाही. पुष्कळ उपदेशक हे विसरतात. आणि बलरामांच्या उदाहरणातून उपदेशकाने आणखी एक गोष्ट शिकावी. क्षमेचा सिद्धांत मुखाने सांगणे आणि हसणाऱ्यांचे दात दिसत असता तो पाळणे, यांमधील अंतर फार मोठे आहे.

या दोन्ही कथा पुराणांतील झाल्या. एवढे धैर्य सामान्य माणसाला या काळात होईल काय, अशी शंका घेणाऱ्यांसाठी माळव्यातील एक अलीकडची घटना सांगण्यासारखी आहे. ती परधर्मातील आहे. पंथाचे तत्त्वज्ञान आणि त्या धर्माचे तत्त्वज्ञान यांत मोठे अंतर आहे, आणि अनन्यभक्तीत तडजोड नाही. तथापि अहिंसेचा आचार ज्याच्या ठायी दिसेल त्याच्याकडून तो पाहून घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात उदयनगर म्हणून गाव आहे. केरळातील पुल्लुवळी येथे १९५४ साली जन्मलेली राणी मारिया नावाची ख्रिस्ती संन्यासिनी तेथे आदिवासी व गरीब शेतकरी यांच्यात काम करीत होती. सावकारी पाशातून लोकांनी सुटावे, आपला हक्क ओळखावा, संघटित व्हावे, असा तिचा प्रयत्न होता. ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांच्या चिथावणीने समंदरसिंह नावाच्या तरुणाने २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये तिच्यावर सुऱ्याने अनेक वार करून तिला ठार केले. बसमध्ये प्रवासी होते. त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली आणि तो इंदूरच्या कारागृहात राहिला.

मृत संन्यासिनीची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीही त्याच संघातील संन्यासिनी होती. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती साधू कारागृहात त्या बंद्याला वारंवार भेटत राहिले आणि हळूहळू दोन्ही बाजूंची मने तयार झाली. २००२ साली रक्षाबंधनाच्या निमित्ताने सेल्मी पॉल कारागृहात गेली आणि ज्या हाताने आपल्या बहिणीवर वार केले होते त्याच हाताला तिने राखी बांधली. पुढे तिच्या कुटुंबीयांनी व धर्मसंस्थेने त्याच्या सुटकेसाठी शासनाकडे अर्ज केले, आणि सुमारे अकरा वर्षांच्या बंदिवासानंतर २००६ साली तो सुटला. त्यानंतर तो केरळात जाऊन मृत संन्यासिनीच्या आईबापांच्या पाया पडला. त्या वृद्ध मातेने त्याच्या हाताचे चुंबन घेतले. माझ्या मुलीचे रक्त या हाताला लागलेले आहे, हा तिचा भाव होता. तो शेती करू लागला आणि उदयनगरच्या समाधीला येत राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्या संन्यासिनीला तिच्या धर्माने धन्य म्हणून घोषित केले, त्या समारंभाला तोही उपस्थित होता.

या घटनेत द्रौपदीच्या कथेचे जवळजवळ सर्व भाग दिसतात आणि एक भाग अधिक दिसतो. शासन झाले, न्यायालयाने दोष ठरविला, बंदिवास भोगावा लागला, खून हा खूनच राहिला. बहिणीने दुःख नाकारले नाही. सात वर्षांचा काळ मध्ये गेला, ही गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. क्षमा दुसऱ्या दिवशी झाली नाही, आणि तशी ती व्हावी असा आग्रहही कोणी धरला नाही. मध्यस्थ साधूने घाई केली नाही. अधिक भाग तो हा की, येथे मारणाऱ्याने क्षमा स्वीकारली. अश्वत्थाम्याने मणी गमावला आणि पुन्हा अस्त्र सोडले. हा मनुष्य मात्र ज्या घराचा दिवा विझविला त्या घराच्या उंबरठ्यावर जाऊन वाकला. वैराची निवृत्ती एका बाजूने आरंभ होऊ शकते, परंतु ती पूर्ण होण्यास दुसऱ्या बाजूचा अनुताप लागतो. अनुताप म्हणजे नुसते रडणे नव्हे. दोष आपला म्हणून उघड पदरात घेणे, त्याचे शासन कुरकुर न करता भोगणे, आणि ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे उभे राहण्याची लाज सोसणे, एवढे सर्व त्यात येते.

माळव्याच्या याच भूमीला पुराणांत अवंती म्हटले आहे आणि भगवंतांनी उद्धवदेवाला सांगितलेल्या बोधात अवंतीच्याच एका भिक्षूची कथा आहे. कवीश्वर भास्करभट्ट बोरीकरांनी एकादश स्कंधावर रचिलेली 'उद्धवगीता' पंथाच्या साती ग्रंथांत आहे, म्हणून हा भाग पंथीयांच्या परिचयाचा आहे. धनलोभाने आप्तांना दुरावलेला तो ब्राह्मण सर्वस्व गेल्यावर विरक्त झाला आणि भिक्षा मागू लागला. दुर्जनांनी त्याचा दंड ओढला, पात्र हिसकावले, अन्न विटाळले, त्याला बांधून ठेवले. त्याने त्यांच्यावर कोप केला नाही. आपल्या दुःखाचे कारण बाहेर शोधता शोधता तो स्वतःच्या मनापाशी आला. जेवताना आपलीच जीभ आपल्याच दातांखाली सापडली तर मनुष्य कोणावर रागावणार, असा त्याचा दृष्टांत आहे. दात उपटून टाकल्याने जिभेची वेदना थांबत नाही, उलट मुखच रिकामे होते. एका गावातले, एका भावकीतले वैर हे असेच असते.

पंथाच्या तत्त्वज्ञानाने पाहिले तर सूडातील दोष आणखी खोल आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार स्वतंत्र पदार्थ होत. जीवाने कर्म करावे आणि त्या कर्मानुसार सुखदुःखाची फळे देवतांच्या द्वारे त्याला भोगावी लागावीत, अशी व्यवस्था आहे. या व्यवस्थेतून केलेले कर्म सुटून जात नाही. मारणारा न्यायालयातून सुटला तरी येथून सुटत नाही. असे असता जो जीव सूड घेण्यास उठतो तो दुसऱ्याचे फळ आपल्या हाताने देऊ पाहतो. फळ देणे त्याच्या अधिकारात नाहीच. त्यामुळे त्याच्या हातून घडते ते केवळ नवे कर्म, आणि त्या कर्माचे फळ भोगण्याची पाळी त्याच्यावर येते. मारणाऱ्याचा हिशेब पुरा होत नाही आणि सूड घेणाऱ्याचा नवा हिशेब मात्र सुरू होतो.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकाला मुंगीचाही घात होऊ नये इतका सूक्ष्म अहिंसेचा आचार निरूपिला. लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे. पारध्यांनी पाठीस लागून दमविलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. पारध्यांनी तो मागितला. येथे शरण आलेल्याला मरण नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. पुढे स्वामींनी त्या सशाला थोरामोठ्यांना संबोधावे तशा आदराने संबोधून मार्गस्थ केले. या लीळेत रक्षण आहे आणि द्वेष नाही. सशाला राखण्यासाठी पारध्यांचा तिरस्कार करण्याची आवश्यकता पडली नाही. दुर्बळाच्या बाजूने उभे राहणे आणि बलवानाविषयी वैर धरणे या दोन गोष्टी एकच आहेत असे जे वाटते, ते सर्वज्ञांच्या आचाराने दूर होते. स्वतः स्वामींना आणि पुढे पंथालाही मोठा छळ सोसावा लागला. त्या छळाची आठवण परंपरेत आहे, परंतु सूड घेण्याचा आचार परंपरेत नाही.

आता व्यवहाराचा विचार. अनुसरलेल्या साधकाने संसार सोडला असल्याने त्याला वैराचे कारण उरू नये. परंतु पूर्वाश्रमातील भावाच्या वधाची आठवण भिक्षेच्या झोळीबरोबर गावोगाव फिरत असेल तर अटनही व्यर्थ आणि विजनही व्यर्थ. परमेश्वराचे स्मरण करावयास बसावे आणि चित्तात मारेकऱ्याचे तोंड उभे राहावे, यासारखी हानी नाही. ज्याचा द्वेष करावयाचा त्याचेच अखंड चिंतन घडते. मग तो ज्या आसनावर बसला ते परमेश्वराचे होते, हे साधकाने ओळखावे.

वासनिकाची गोष्ट अधिक कठीण आहे. शेताच्या बांधावरून कुऱ्हाड उठते, भाऊ पडतो, खटला चालतो, आरोपीला शिक्षा होते आणि शिक्षा भोगून तो त्याच गावात परत येतो. पाणी भरताना, बाजारात, एस. टी.च्या थांब्यावर मेलेल्याच्या भावाला त्याचे तोंड रोज पाहावे लागते. त्याला लगेच गळाभेट घे असे सांगणे हे शास्त्र नव्हे. त्याने प्रथम एवढेच करावे की, हातात शस्त्र घेऊ नये आणि आपल्या मुलाच्या हाती ते देऊ नये. साक्ष खरी द्यावी, न्यायालयाला त्याचे काम करू द्यावे, परंतु घरात मुलांना झोपविताना वैराची गोष्ट सांगू नये. वैराचा वारसा बहुधा शब्दांनी दिला जातो. तो दिला नाही तर ते एका पिढीतच संपते. दुसरी पायरी अशी की, मारणाऱ्याच्या घरातील जे निरपराध आहेत, त्याची आई, बायको, मुले, त्यांना आपल्या वैरातून वेगळे काढावे. द्रौपदीची दृष्टी तेथूनच वळली. तिला प्रथम अश्वत्थामा दिसला नाही, त्याची माता दिसली. तिसरी पायरी, म्हणजे त्या मनुष्याशी समोरासमोर बोलणे, ही कोणाला प्राप्त होईल, कोणाला होणार नाही. ज्याला झाली नाही त्याने खंत करू नये. पहिल्या दोन पायऱ्यांवर उभा असलेला मनुष्यही सूडाच्या यज्ञातून बाहेर पडलेला आहे.

ज्याच्या हातून वध घडला त्यालाही शास्त्राचा मार्ग बंद नाही. त्याने क्षमा मागण्यास जावे, पण क्षमेवर हक्क सांगू नये. मृताच्या घराने दार उघडले नाही तर बाहेरूनच वाकावे आणि परत यावे. आपल्याला चिथविणाऱ्यांची नावे घेऊन दोष वाटून टाकू नये. हात आपला होता, हे विसरू नये. उरलेले आयुष्य कोणाच्या तरी रक्षणात घालवावे. प्राण परत देता येत नाही. ज्याने एक घेतला त्याने अनेक राखावे, एवढेच त्याच्या हाती आहे.

मध्यस्थी करणाऱ्या साधुसंतांनी व ज्येष्ठांनी, दोन्ही घरांचे पाणी एकदम एका भांड्यात ओतण्याची घाई करू नये. पंचांच्या धाकाने हात मिळविले गेले की त्यांतील वैर वर्ष सहा महिन्यांत पुन्हा उठते. दोन्ही घरांना वेगवेगळे भेटावे, पुष्कळ ऐकावे, थोडे बोलावे, आणि जेथे बोलण्याने जखम चिघळेल तेथे भोजकटातील ते मौन आठवावे.

पंथात एकमेकांची भेट होताच दंडवत प्रणाम म्हणण्याची रीत आहे. समोरचा लहान की मोठा, आपला की परका, हे पाहून तो म्हणावयाचा नसतो. ज्याच्याविषयी मनात वैर आहे त्याला तो म्हणणे जड जाते, जीभ टाळूला चिकटते. तेथेच आपल्या अहिंसेची खरी कसोटी लागते. मुंगी वाचवून चालणारा साधक ज्या दिवशी भावाच्या मारेकऱ्यापुढेही हा शब्द मनातल्या मनात उच्चारू शकेल, त्या दिवशी राखेखालचा तो निखारा विझू लागला असे समजावे.